जागृतीनं ओरिजनल मागितली होती

"तुमच्या कॉम्प्युटरनं आज मले चोर म्हटलं," दुकानाची पायरी चढता चढताच जागृती म्हणाली, आणि दिपालीला हसू आलं. तिला वाटलं, मैत्रीण थट्टा करतेय.

जागृती थट्टा करत नव्हती. रोहण्याच्या पुढच्या एका गावातल्या हायस्कूलमध्ये ती गणित शिकवायची, आणि शाळेच्या कॉम्प्युटर खोलीची जबाबदारीही तिच्यावरच होती. शनिवारची सकाळची शाळा सुटल्याबरोबर एसटी धरून ती पुलगाववरून थेट वर्ध्याला आली होती. तोंडावर धूळ बसलेली, केस विस्कटलेले. दिपालीनं पुढे केलेला पाण्याचा ग्लास तिनं हातात घेतला, पण प्यायली नाही.

झालं होतं असं. शाळेतल्या कॉम्प्युटरांमध्ये कुठून तरी व्हायरस शिरला होता. नुकतंच इंटरनेट आलेलं, म्हणून जागृतीनं विंडोजचे नवे अपडेट उतरवायचं ठरवलं. तर आधी तपासणी. २००५च्या पावसाळ्यात विंडोजच्या कंपनीनं ती सगळ्यांनाच सक्तीची करून टाकली होती. तुमची विंडोज अस्सल आहे का ते आम्ही बघू, मगच अपडेट देऊ.

"दहाच्या दहा मशिनींवर करून पाह्यलं," जागृती म्हणाली. "दहाही नापास. तुमची कॉपी अस्सल नाई, तुमची फसवणूक झाली असू शकते, असं लिहून येते."

"मंग फसवणूक म्हणते ना. चोर कुठं म्हणते?"

"मागं नववीचे पोरं उभे होते, दिपाली. एक जण म्हणे, मॅडम, आपले नकली हायेत का? आता त्याले मी काय समजावून सांगू?"

दिपालीनं तिला बसवलं. "यायले येऊ दे नागपूरवरून. मी विचारतो. काही तरी गडबड असंन कंपनीचीच," ती म्हणाली. 'यायले' म्हणजे यांना, तिच्या नवऱ्याला, नीलेशला. ती म्हणाली ते मनापासून. त्या घडीला तिचा स्वतःच्या दुकानावर पूर्ण भरवसा होता.

दुकान तिच्या सासऱ्यांचं. महादेवरावांनी तिथं जन्मभर रेडिओ आणि घड्याळं विकली. पुढे नीलेशनं कॉम्प्युटर आणले आणि पाटीवर 'अनुसया कॉम्प्युटर्स' आलं. अनुसयाबाई म्हणजे दिपालीच्या सासूबाई. दिपाली लग्न होऊन आली ती बी.एस्सी. करून. घरात बसून करमेना, म्हणून ती काउंटर सांभाळू लागली, आणि बघता बघता बिलं, पत्रं, फोन सगळं तिच्याकडेच आलं. नीलेश मशीन जोडायचा, दिपाली माणसं.

जागृती तिची कॉलेजातली मैत्रीण. घर वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत. परीक्षेच्या दिवसांत दोघी तिथंच अभ्यास करायच्या. जागृतीची आई मीराबाई चुलीवरची गरम भाकर आणि ठेचा पुढ्यात ठेवायची. नालवाडीतल्या बौद्धांच्या घरी आपण जेवून येतो हे दिपालीनं तेव्हा माहेरी कधी सांगितलं नव्हतं. जागृतीला ते माहीत होतं. तिनंही कधी विषय काढला नाही.

शाळेला कॉम्प्युटर घ्यायचे ठरले तेव्हा जागृती साहजिकच या दुकानात आली. संस्थेच्या लोकांना नागपूरहून माल आणायचा होता. जागृतीनं हट्ट धरला, वर्ध्यात माझ्या ओळखीचं दुकान आहे, तिथं फसवणूक होणार नाही. सगळं ठरल्यावर तिनं एकच विचारलं होतं, "विंडोज ओरिजनल देता ना? शाळेचं काम हाय, उद्या कोणी बोट नाई दाखवलं पाह्यजे." दिपालीनं मागे वळून नीलेशला विचारलं. नीलेश एका मशीनमध्ये डोकं घालून बसला होता. तो म्हणाला, "हो, हो, सगळं असते त्याच्यात." आणि दिपाली जागृतीला म्हणाली, "ओरिजनलच हाय. माह्यावर सोड."

नीलेश संध्याकाळी आला. दिपालीनं सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे बूट काढले, हातपाय धुतले आणि म्हणाला, "कुठली ओरिजनल? एकच सीडी आहे आपल्यापाशी. सगळ्या मशिनींत तीच टाकतो."

दिपालीला आधी नीट कळलंच नाही. "म्हणजे आतापर्यंत जेवढे विकले..."

"सगळे. अन् आपणच नाई, अख्ख्या वर्ध्यात जाऊन विचार. ओरिजनल टाकली तर मशीन इतकं महाग पडते का गिऱ्हाईक पायरी चढत नाई. लोकायले स्वस्त पाह्यजे, मी स्वस्त देतो. त्यात काय बिघडलं?"

"मंग जागृतीले ओरिजनल आहे म्हणून काऊन सांगितलं तुम्ही?"

नीलेशनं टॉवेल खांद्यावर टाकला. "मी कुठं सांगितलं? मी म्हटलं, सगळं असते. ओरिजनल आहे असं तू सांगितलं."

तो हे भांडणाच्या सुरात बोलला नाही. हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं बोलला आणि जेवायला बसला. दिपाली वाढत राहिली. त्याचं म्हणणं शब्दाला शब्द खरं होतं.

पुढच्या आठवड्यात नीलेश शाळेत गेला. दिपालीही हट्टानं सोबत गेली. जागृतीनं खोली फार जिवापाड ठेवली होती. दाराशी चपलांचा कप्पा, प्रत्येक मॉनिटरवर मुलींनी शिवलेलं कापडी झाकण. नीलेशनं नागपूरच्या कुणाकडून तरी आणलेली, तपासणीला चकवणारी सीडी काढली आणि एकेका मशीनमध्ये घालत गेला. तासाभरात तपासणीचा तो इशारा बंद झाला. अपडेटही उतरायला लागले.

"झालं मॅडम. आता नाई त्रास द्यायचं," तो म्हणाला आणि सामान आवरून बाहेर गेला.

जागृती दिपालीजवळ आली. "दिपाली, आता हे ओरिजनल झाले का?"

विचारण्यात संशय नव्हता. औषध लागू पडलं का, असं कुणी डॉक्टरला विचारावं तसं तिनं विचारलं. दिपालीच्या तोंडाशी खरं आलं होतं. पण बाहेर नीलेश गाडी सुरू करून उभा होता, आणि जागृतीचा चेहरा इतका निवांत झाला होता, की दिपाली म्हणाली, "आता काही विचारणार नाई ते तुले."

जागृतीनं ते 'हो' असंच धरलं. परतीच्या वाटेवर नीलेशनं पुलगावला चहा घेतला. दिपालीनं नको म्हटलं.

चार-सहा महिने शांततेत गेले. उन्हाळा लागता लागता कंपनीनं तपासणी आणखी कडक केली. आता कॉम्प्युटर सुरू करायच्या वेळीच पडद्यावर इशारा यायला लागला, आणि नीलेशच्या सीडीचं त्याच्यापुढे काही चालेना. दुकानात रोज फोन. तळेगावचा एक झेरॉक्सवाला, देवळीचे एक डॉक्टर, सगळ्यांचं तेच. बहुतेक जण हसण्यावारी न्यायचे. "असू द्या, चालते ना, मंग झालं," म्हणायचे.

जागृतीचा फोन मात्र आला नाही. फोन आला तो भैय्याजींचा.

भैय्याजी त्या शाळेच्या संस्थेचे सचिव. शिक्षण खात्याचे साहेब शाळा बघायला आले, तेव्हा भैय्याजी त्यांना मोठ्या हौसेनं कॉम्प्युटर खोलीत घेऊन गेले. जागृतीनं मशीन सुरू केलं आणि पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर तो इशारा आला. साहेबांनी वाचला आणि भैय्याजींकडे पाहिलं. त्याच दिवसापासून शाळेत कुजबुज सुरू झाली, की मॅडमनं मैत्रिणीच्या दुकानातून नकली माल उचलला आणि मधल्यामध्ये कमिशन खाल्लं.

भैय्याजींनी नीलेशला फोनवर सरळच सांगितलं. दुकानाच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून द्या, की आम्ही ओरिजनल देत होतो, मॅडमनीच स्वस्तातली मागितली. मग दुकानाचं नाव यात येणार नाही. उलट संस्थेच्या दुसऱ्या शाळेलाही कॉम्प्युटर घ्यायचे आहेत, ते तुमच्याकडूनच घेऊ. त्यांच्या भाच्यानं कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि त्या कॉम्प्युटर खोलीचं काम त्याला द्यायचं होतं, हे ते बोलले नाहीत. पण त्या भागात ते सगळ्यांना ठाऊक होतं.

नीलेशनं फोन ठेवला आणि काउंटरवर येऊन म्हणाला, "एक पत्र लिहायचं आहे. तुझं मराठी चांगलं आहे."

दिपालीनं मजकूर ऐकून घेतला. महादेवराव नेहमीसारखे कोपऱ्यात बसून एका जुन्या घड्याळाचं मागचं झाकण उघडत होते. त्यांचे हात थांबले.

"मी नाई लिहीत," दिपाली म्हणाली.

"तिची नोकरी थोडीच जाते? खोली काढून घेतीन, बस. आपलं दुकान चारचौघांत खोटं ठरलं तर कोण येईन इथं? आपलं पोट आहे त्याच्यावर."

"तिनं ओरिजनल मागितली होती. तुमच्यासमोर मागितली होती."

"मले नाई आठवत," नीलेश म्हणाला.

दिपालीनं सासऱ्यांकडे पाहिलं. "मामाजी, तुम्ही होते त्या दिवशी. तुम्ही तरी सांगा."

महादेवराव घड्याळाकडेच बघत म्हणाले, "सूनबाई, घरची गोष्ट घरात राह्यली पाह्यजे. पण ते पत्रही नको लिहू." आणि पुन्हा झाकणाशी खटपट करू लागले.

एवढ्यानं नीलेश थांबला नसता. त्याला मोडकंतोडकं का होईना, स्वतःला लिहिता येत होतं. हे दिपालीला कळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाक उरकून ती बाजारात जाते असं सांगून निघाली आणि आर्वीच्या एसटीत बसली. वाटेत पुलगावला उतरून परत फिरावं असं तिच्या मनात आलं. नवऱ्याविरुद्ध असं कुणा तिऱ्हाइकाकडे जाऊन बोलायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. पण ती उतरली नाही.

मुख्याध्यापकांच्या खोलीत भैय्याजी बसलेच होते. दिपालीनं सांगितलं की जागृतीलाही बोलवा. जागृती आली, दिपालीला पाहून दारातच थबकली, आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"आमच्या दुकानानं खोटी कॉपी दिली," दिपाली म्हणाली. "मॅडमनं ओरिजनल मागितली होती. मीच त्यांना ओरिजनल आहे म्हणून सांगितलं. कमिशनची गोष्ट खोटी आहे."

भैय्याजींनी चष्मा काढून पुसला. "नीलेशभाऊंना माहीत आहे का, तुम्ही इथं आल्या ते?"

"नाही."

"मग हे दुकानाचं म्हणणं धरायचं, की तुमचं?"

"मी लिहून देते. सही माझी. बिलावरही माझीच सही आहे."

तिनं तिथंच बसून लिहून दिलं. मुख्याध्यापकांनी ते घेतलं, दोनदा वाचलं आणि भैय्याजींकडे न बघता फाइलला लावलं.

दोघी बाहेर आल्या. मधली सुट्टी झाली होती, नळावर पोरांची गर्दी होती. जागृती चालत चालत फाटकापर्यंत आली. आपण तिच्या गळ्यात पडून रडावं असं दिपालीला वाटत होतं. पण जागृतीचा चेहरा पाहून तिची हिंमत होईना.

"तुले केव्हा माहीत झालं?" जागृतीनं विचारलं.

"तू दुकानात आलती, त्याच संध्याकाळी."

"म्हणजे मी खोलीत विचारलं, ओरिजनल झाले का, तवा तुले माहीत होतं."

"हो."

जागृतीनं मान हलवली. "साहेबासमोर ते पडद्यावर आलं ना, तवा मले वाटलं, माह्याच हातून काही चुकलं. रात्री बसून पुस्तकं चाळले मीनं, का बावा कोणती बटन चुकीची दाबली. तुह्या दुकानावर संशय नाई घेतला. माहं सारं आयुष्य पडताळणी देण्यात गेलं, दिपाली. जातीचा दाखला दे, मार्कशीट दे, पुन्हा दे. नोकरी लागली तरी लोक इचारतेच, हे खरंच हुशारीवर लागली का. एक तुले नव्हती द्यावी लागत. म्हणून तुह्याजवळ आली होती मी."

"म्हणून तर आज आलो ना मी," दिपाली कशीबशी म्हणाली.

"आली. चांगलं केलं," जागृती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. घंटा झाली तशी ती वर्गाकडे वळली.

घरी नीलेशला आधीच कळलं होतं. भैय्याजींनी फोन केला होता. तो ओरडला नाही. कित्येक दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला, आणि काउंटरवर त्यानं एक पगारी मुलगी ठेवली. दुसऱ्या शाळेची ऑर्डर नागपूरला गेली. अनुसयाबाई शेजारणींना सांगायच्या, सुनेची तब्येत बरी नसते म्हणून दुकानात येत नाही. महादेवराव मात्र एका दुपारी नीलेशला म्हणाले की त्या शाळेला ओरिजनल देऊन टाक, माझ्या नावावर जे आहे त्यातून दे. नीलेश त्यांच्याशीही भांडला. पण शेवटी गेला. नागपूरहून सीलबंद डबे आणून त्यानं दहाही मशिनींमध्ये नव्यानं विंडोज घातली.

त्या रात्री तो जेवायला बसला. ताटाकडे बघत म्हणाला, "तुझी मैत्रीण नव्हती तिथं. खोलीत भैय्याजीचा भाचा होता. तिची बदली केली म्हणे, तळेगावच्या शाळेत."

"शिक्षा म्हणून?"

"तसं कोणी म्हणत नाई. सोय पाहून केली, म्हणते." त्यानं पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवून दिला. "कमिशनचं मात्र कोणी बोलत नाई आता. मी विचारलं."

त्यानं आपण होऊन विचारलं, हे ऐकून दिपालीनं त्याच्याकडे पाहिलं. तो हात धुवायला उठला.

जेवणं आवरल्यावर तिनं अंगणात जाऊन जागृतीला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर तिनं उचलला. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"सामान बांधून राह्यलो," जागृती म्हणाली. "तळेगावले खोली भेटली. आईलेही नेतो संगं."

"मी येऊ का मदतीले?"

"नको. मंग बोलू," जागृती म्हणाली आणि फोन ठेवला.

दिपालीनं वर्षभर वाट पाहिली. मग एका दिवाळीला तिनं पुन्हा फोन लावला, तर नंबर बदलला होता.