टेबल नंबर पाच

सत्यवती आपल्या जागेवरून उठली आणि वसुमतीच्या टाइपरायटरवर तिने सरळ हात ठेवला. अर्ध्या ओळीत मशीन अडलं.

"स्वल्प सावकाश मार की गं. मोजणीचे दिवस आहेत. तू अशी धावलीस तर आम्ही कुठं जायचं?"

कचेरीत त्या दोघी घरचं मराठी बिनधास्त बोलत. दोघींचीही घराणी तीनशे वर्षांपूर्वी बंगळूरला येऊन इथलीच झालेली. आजूबाजूला सगळं कन्नड आणि साहेबांचं इंग्रजी, त्यामुळे मराठीत काहीही बोललं तरी भिंतीपलीकडे जात नाही अशी त्यांची खात्री होती.

"सावकाश कशाला?" मागून कुणीतरी म्हणालं. "चालू द्या तुमचं."

गळ्यात स्टॉपवॉच अडकवलेले सूर्यकांत आगाशे उभे होते. मोजणीसाठी दिल्लीहून आलेले निरीक्षक, मूळचे पुण्याचे. सत्यवतीने हात काढून घेतला आणि जागेवर जाऊन तासभर मशीनची फीत बदलत बसली. वसुमतीला मात्र आतून बरं वाटलं. दिल्लीचा साहेब आपल्या भाषेत बोलतो म्हणजे निम्मं काम झालं, असं तिने धरून टाकलं.

सरकार फार फुगलंय, ते उतरवलं की भावही उतरतील आणि नवे कारखाने निघतील, असं त्या सुमारास दिल्लीत ठरलं होतं. भाव अजून उतरले नव्हते. कारखान्यांचं म्हणाल, तर वसुमतीचा नवरा बोम्मसंद्रात ज्या कारखान्यात होता तो गेल्या दिवाळीत बंद पडला होता. उरलं सरकार, ते उतरवायला आगाशे आले होते. प्रत्येक टेबलाशी खुर्ची टाकून ते बसत आणि एक पान काढायला किती वेळ लागतो ते टिपत.

टाइपिंगची टेबलं पाच. चार कायम नोकरीतल्यांची, पाचवं वसुमतीचं. ती नऊ वर्षं रोजंदारीवर होती. दर एकोणनव्वद दिवसांनी तिला एक दिवस घरी बसवत आणि दुसऱ्या दिवशी ती कागदावर नवी कोरी होऊन परत येई. वर्षातून दोनदा महागाई भत्त्याचा आदेश निघे, तो तीच टाइप करी. तांदूळ महागला की सत्यवतीचा पगार वाढे आणि वसुमतीच्या घरी तांदूळ कमी शिजे. एवढा उघड अन्याय स्वतःच्या हाताने, चार प्रतींत, बिनचूक टाइप करायचा म्हणजे माणसाला काही वाटतच असेल. तिने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. कायम व्हायचं, एवढंच तिने मनाशी धरलं होतं. आता घरात मिळवणारी ती एकटी होती.

तिला या कचेरीत आणलं होतं हेडक्लार्क जयतीर्थांनी. लांबचे नातेवाईक, ती त्यांना अण्णा म्हणे. मोजणीच्या पहिल्या दिवशी डबा खाताना त्यांनीही तिला समजावलं.

"वसू, मोजायला येणारा माणूस वाढवायला येत नाही. सत्यवती सांगते ते ऐक."

"नऊ वर्षं तुम्ही सगळे सावकाशच चाललात, अण्णा. माझं काय झालं?"

जयतीर्थांनी डब्याचं झाकण लावलं.

तीन दिवस वसुमती जीव तोडून राबली. पाठ धरली, बोटं सुजली. एका माणसाने, तेही आपल्या माणसाने, हिच्यावाचून कचेरीचं अडतं असं लिहून दिलं की आपलं पद निघालंच, असं ती नवऱ्याला रोज सांगे. तिसऱ्या दिवशी तिने आगाशांसाठी घरून चिरोटे नेले. त्यांनी दोन खाल्ले.

"असे पुण्यातही मिळत नाहीत," ते म्हणाले. मग बोटांची साखर झटकून वहीत लिहिलं : टेबल नंबर पाच, एक पान, चार प्रती, चार मिनिटं.

चौथ्या दिवशी दुपारी अहवाल टाइप करायचा होता. आगाशांनी तो पाच नंबरवरच द्यायला सांगितला. जयतीर्थांनी हाताने लिहिलेली पानं आणून वसुमतीसमोर ठेवली आणि दोन पावलं जाऊन परत आले.

"वाचत बसू नकोस. नुसतं टाइप कर."

टाइप करणारा तसाही वाचत नाही. अक्षरं डोळ्यांतून बोटांत जातात. दहा पानं तशीच गेली. शेवटच्या पानावर मात्र तिला आपल्या टेबलाचा नंबर दिसला आणि ती थांबली. टेबल नंबर पाचचा वेग कोणाही मेहनती कर्मचाऱ्याला जमण्याजोगा आहे, असं तिथे लिहिलं होतं. तो वेग प्रमाण धरला तर पाच जणांचं काम चौघांत सहज होतं. सबब रोजंदारीवरील टाइपिस्टची गरज नाही. पुढच्या एक तारखेपासून ती जागा कमी करावी.

तिने ते पान पूर्ण केलं. वेळ नेहमीएवढाच लागला. मग अकरा पानं घेऊन ती आगाशांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"वा," पानं चाळत ते म्हणाले. "एक चूक नाही."

"सर, पाच नंबरचं टेबल माझं."

"माहीत आहे की. म्हणून तर तुम्हाला दिलं."

"रोजंदारीवर पण मीच आहे."

आगाशांनी मान वर केली. त्यांचा चेहरा खरोखरच उतरला. वाईट माणूस नव्हता तो.

"मला वाटलं तुम्ही इथल्या सगळ्यांत सीनियर." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "मला कुणी सांगितलं कसं नाही?"

जयतीर्थांनी समोरची फाइल उघडली. आणि इतक्यात सत्यवतीचं मशीन वाजायला लागलं, मग तिच्या शेजारचं, मग उरलेली दोन. चार दिवसांत प्रथमच चौघंही झपाट्याने टाइप करत होती.

आगाशे शेवटच्या पानाकडे पाहत राहिले. "नियमाप्रमाणे रोजंदारीच आधी जाते. पद कुणाचं, ते आम्ही बघत नाही. आणि दिल्लीला एक तरी आकडा कमी झालेला दिसायला हवा ना."

"एवढा एक परिच्छेद बदलायचा असेल तर पान एकच आहे, सर. मी लगेच करून देते. चार मिनिटं लागतील."

त्यांनी हातातल्या घड्याळात पाहिलं. साडेतीन वाजले होते. त्यांची दिल्लीची गाडी संध्याकाळची होती, सामान खोलीवर बांधून तयार होतं.

"चार मिनिटं," ते हळूच म्हणाले. "मीच मोजलीत."

मग त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि चारही प्रतींवर सही केली. तिसऱ्या सहीला कार्बनची निळी बोटं उमटली, ती त्यांनी रुमालाने पुसली. टपालाने पाठवायच्या प्रतीची घडी घातली, खणातून एक लांब पाकीट काढलं आणि तिच्यापुढे धरलं.

"यावर तेवढा दिल्लीचा पत्ता टाइप करून द्याल का?"

वसुमतीने पाकीट घेतलं, जागेवर जाऊन मशीनमध्ये सरळ बसवलं. पत्ता तिला पाठ होता. अर्धं मिनिटही लागलं नाही.