गफ्फारच्या हातचं पत्र

नूरबीनं पाकीट महादेवरावांच्या पुढ्यात ठेवलं आणि ती उंबऱ्याबाहेर बसली. मागं सासू अमीनाबी, तिच्यामागं अर्धी पिंजारगल्ली. रडायची वेळ आली तर माणसं कमी पडू नयेत म्हणून शेजारणी आधीच आल्या होत्या.

तिचा नवरा गफ्फार बर्म्याच्या लढाईवर. त्याची पाचही पत्रं पलटणीतल्या मुन्शीनं उर्दूत लिहिलेली, मशिदीतल्या मौलवींनी वाचलेली. पाचही एका साच्यातल्या विटा: सलाम, खैरियत, दुआ. बायकोच्या वाट्याला ओळसुद्धा नाही. हे सहावं मात्र मौलवींनी परत दिलं. म्हणाले, इंग्रजी आहे. मागल्या महिन्यात स्टेशनाकडच्या एका घरी फौजेचा इंग्रजी कागद आला होता. त्या घरची चूल तीन दिवस पेटली नाही.

महादेवराव कापसाच्या जिनातले जुने कारकून. गाठींवरची इंग्रजी अक्षरं वाचण्यात हयात गेलेली. अक्षरं सगळी येत, अर्थ एकाही शब्दाचा नाही. नांदुरा गावाला हे ठाऊक नव्हतं. जिनात कापूस निवडणाऱ्या नूरबीला होतं. साहेबाच्या शिवीलाही ते 'येस सर' म्हणत. मनात वाचलं तर अर्थ पदरचाच सांगतील, हे ती जाणून होती.

"मोठ्यानं वाचा, काकाजी. जसं लिवलं तसं."

त्यांना घाम फुटला. बोट ठेवून ते अक्षरं जुळवू लागले.

"हम... यहां... राजीखुशी..." ते थांबले. "हे कोन्तं इंग्रजी व्हय बा?"

नूरबी ताठ झाली. "वाचा."

"फौज ने अंग्रेजी हरफ में अपनी बोली लिखना सिखाया. छे महिने लगे. ये खत मेरे हाथ का है."

अमीनाबीनं कानशिलावर बोटं मोडली. पिंजाऱ्याचं पोर, पाटीला कधी हात न लावलेलं, इंग्रजी अक्षरात लिहीत होतं. गल्लीभर कुजबुज पसरली. महादेवरावांना तर जन्मात पहिल्यांदा इंग्रजी समजत होतं. त्यांचा आवाज चढला.

"नूर, जो बात मुन्शी को बोलते शरम आती थी, वो—"

नूरबीनं कागद त्यांच्या हातातून काढून घेतला.

"काऊन वो? पुढचं राह्यलं न," शेजारची झुंबरबाई कळवळली.

नूरबीनं घडी घातली, चोळीत खोचली.

"काकाजी, हे अक्षरं किती हायेत?"

"सव्वीस."

"त्याह्यले सहा महिने लागले," ती सासूकडं न बघता म्हणाली. मग उंबऱ्यापुढची धूळ तळहातानं सारखी केली.

"पयलं काढा."