बऱ्हाणपुरातली वीस मिनिटं

जीवराम गुरुजी चोपड्याच्या शाळेत तेहतीस वर्षं संस्कृत शिकवून निवृत्त झाले, पण तासाची घंटा काही त्यांच्या अंगातून गेली नाही. गल्लीतल्या अकरा जणींना घेऊन बऱ्हाणपूर पाहायला निघाले, तेव्हाही खिशात वेळापत्रक होतं. जैन मंदिर पंधरा मिनिटं, जामा मशीद वीस, गुरुद्वारा पंचवीस, राजवाडा अर्धा तास.

जैन मंदिरात त्यांच्या बायकोची, वच्छलाबाईंची नजर छतावरच्या नक्षीत नुकती कुठे रमली, तोच गुरुजींनी दारातून टाळी वाजवली. शेजारच्या लताबाईंचे तर हात जोडून झाले होते, डोळे मिटायचे राहिले. गाडीत बसताना त्या कुजबुजल्या, "बठ्ठं गाव पळता पळताच देखानं शे का?"

सगळं गाव असं पळतच बघायचं का, हे वच्छलाबाईंच्या मनाला लागलं.

मशिदीच्या दाराशी सगळ्यांनी चपला काढल्या. गुरुजी कागद बघत पुढे गेले. वच्छलाबाईंनी त्यांची एक चप्पल, एकच, उचलली आणि राखणदाराच्या बाकाखाली सरकवली. वर पाहिलं तर राखणदार इस्माईलचाचा त्यांच्याकडेच बघत होते. त्यांनी कारण विचारलं, बाईंनी खरं ते सांगून टाकलं. चाचांनी खांद्यावरचा रुमाल काढून चपलेवर टाकला.

बरोबर वीस मिनिटांनी गुरुजी बाहेर आले आणि एका चपलेकडे बघत राहिले. चाचांनी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, इथलं एक कुत्रं चप्पल पळवतं, खात नाही, आवारात कुठंतरी टाकतं. गुरुजी अनवाणी शोधायला परत आत गेले.

मग काय, बायकांना मोकळं रान मिळालं. त्यांनी मान मोडेपर्यंत मिनार पाहिले, हौदाच्या कडेला बसून कबुतरं पाहिली. तास होत आला तरी गुरुजींचा पत्ता नाही. फरशी उन्हानं तापली होती. गुरुजी अनवाणी आहेत हे आठवून वच्छलाबाई आत धावल्या.

गुरुजी भिंतीला नाक लावून उभे होते.

"वच्छला, हे बघ. वर अरबी, खाली संस्कृत. तिथी आणि नक्षत्रासकट. मघाशी मी इथूनच गेलो गं, पण घड्याळ बघत गेलो."

त्यांनी चाचांना बोलावून घेतलं. चाचांनी वरची ओळ वाचायची, गुरुजींनी खालची, आणि दोघांनी मिळून अर्थावर वाद घालायचा. आणखी एक तास गेला. बायकांना भुका लागल्या, कुणी खांबाला टेकून डुलक्या काढू लागलं. शेवटी लताबाईंनीच विनवलं, आता द्या एकदाची ती चप्पल. वच्छलाबाईंनी ती आणून नवऱ्याला दाखवली, सापडली म्हणाल्या.

"दाराशी ठेव," गुरुजी मान न वळवता म्हणाले. "अजून दोन ओळी राहिल्यात."

राजवाडा राहिलाच. गुरुद्वाऱ्यात पोचेतो दुपार कलली होती, पण लंगरात गरम पोळ्या आणि डाळ मिळाली. गुरुजींनी दोन घास खाल्ले न खाल्ले, तोच भिंतीवरच्या गुरुमुखी अक्षरांवर त्यांची नजर गेली. ते हात धुऊन सेवेकऱ्याला गाठायला निघाले.

लताबाईंनी सुस्कारा सोडला. "वच्छलाक्का, सकाळचे गुरुजीच बरे होते."

वच्छलाबाईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि आणखी एका पोळीसाठी हात पुढे केले.