फक्त कडीजवळ भरीव

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे, आणि आता अर्धाच उरलो आहे. लाज वाटते, तरी सांगतो.

मसुऱ्याच्या फॉस्टिन सुताराने मला घडवलं. दोन पातळ प्लायच्या मध्ये पट्ट्यांची बारीक घरांची जाळी बसवली, की हलका दरवाजाही भार पेलतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण चतुर्थी तोंडावर आलेली आणि गिऱ्हाइकांची घाई. त्याने उभ्या पट्ट्या गाळल्या, आडव्या तेवढ्या हात-हात अंतरावर टाकल्या. कडी बसते तिथे मात्र लाकडाचा भरीव ठोकळा घातला.

काशीबाई मला न्यायला आली. फणस पारखावा तसं तिने मला बोटांनी ठोकलं, नेमकं कडीजवळ.

"बरो आसा रे, भरीव आसा!"

फॉस्टिन गप्प राहिला. मीही ती स्तुती छाती फुगवून घेतली. पुढे पाच वर्षं माझं पितळ उघडं पडलं नाही. दरवाजावर भार टाकतो कोण?

गेल्या श्रावणात काशीबाई विहिरीपाशी घसरली आणि तिचा पाय मोडला. त्यांच्या पाणंदीत रिक्षा शिरत नाही. तिचा मुलगा विनीत ओरडला, "दरवाजो काढा! त्येच्यार घालून नेऊया!"

धावून आलेल्यांत फॉस्टिनही होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, ओठ हलवले, पण चारचौघांत बोलायची त्याला लाज वाटली. त्याने मुकाट्याने माझी एक बाजू उचलली.

अर्ध्या पाणंदीत मी फाटलो. दोन पट्ट्यांमधल्या पोकळीवर तिचं अंग आलं होतं. काशीबाई मोडक्या पायावर चिखलात पडली. ती किंकाळी मी विसरू शकत नाही. शेवटी तिला घोंगडीत घालून नेलं. पाय वाचला, पण आता ती काठी घेऊन चालते.

"काशीबाय, चूक माझी. मियां जाळी घालूक नाय," फॉस्टिन तिच्या खाटेशी बसून म्हणाला.

ती म्हणाली, "मियां एकाच जाग्यार ठोकलंय, ती माझी चूक. पण तुका ठावक होता मां रे?"

फॉस्टिनने मला मधोमध कापून कारखान्याच्या तोंडाशी उभं केलं. शेजारी बारीक जाळीचा नवा नमुना ठेवला. येईल त्याला तो दोन्ही दाखवतो आणि स्वतःची चूक सांगतो. लोक माझ्या रिकाम्या पोटात डोकावतात. मान खाली घालावी म्हटलं, तर मला मानही नाही.

मित्रांनो, वस्तू घ्याल तेव्हा चार ठिकाणी ठोकून पाहा. आणि कोणी भलत्याच जागी ठोकून तुम्हाला शाबासकी दिली, तर तेव्हाच बोला. मी बोललो नाही.