तीन म्हणण्याआधी

मित्रांनो, मी एक जुना, जाडजूड दोर आहे. रस्सीखेचेचा. शाळेच्या खेळसामानाच्या खोलीत खुंटीला टांगलेला असतो. बाहेर दाराची कडी वाजली की अजूनही माझा पीळ आवळतो. का, ते सांगायचे तर माझे मधले, लाल फडके बांधलेले ठिकाण धरावे लागेल. माझ्या आयुष्यात काय ते मधेच ठरते.

पण नको. आधी एक टोक.

पहिले टोक

मला एका दोरवाल्याने वळले. लांबलचक पडवीत तो कमरेला तागाचा पुंजका बांधून उलटा चालायचा आणि समोरच्या टोकाला त्याची सून चाक फिरवायची.

"मामंजी, मागं खड्डा आहे!"

"तू आहेस ना बघायला," असे म्हणून तो मागे न बघता चालतच राहायचा.

मला वाटले, जगात सगळे असेच एकमेकांच्या भरवशावर उलटे चालत असतील. नवा होतो. कळत नव्हते.

शाळेत आलो तेव्हा कौतुक काय वर्णावे! सामना जिंकला की मुले मला खांद्यावर घेऊन मैदानभर मिरवायची. हरली की त्याच मैदानावरून फरफटत आणायची. तिथे बारीक खडी आहे. ती कातडीचे काय करते, ते मला विचारा.

मी माणसे तळव्यांवरून ओळखतो. तोंडे हसतात तेव्हा तळवे काय करतात, ते मलाच ठाऊक असते.

मधले फडके

सातवीच्या संघात सगळ्यात पुढे बारकी असायची. अंगात जोर बेताचा, पण आवाज खणखणीत, म्हणून तीच कॅप्टन. ती "एक, दोन, तीन" मोजायची आणि तीनला सगळे मिळून हिसका मारायचे. सगळ्यात शेवटी एक नवा, थोराड मुलगा. शेवटच्या गड्याने दोर पाठीवरून, काखेतून अंगाभोवती घ्यायचा असतो. बाकीच्यांनी मूठ उघडली की सुटका. त्याची मात्र चटकन सुटका नाही.

त्या मुलाला सगळे 'पोतं' म्हणत. हे नाव ठेवले भोंग्याने. भोंगा म्हणजे संघातला सगळ्यात दांडगा मुलगा. तो हसला की इतरांना हसावेच लागे.

एकदा मला खुंटीवर टांगता टांगता भोंगा म्हणाला, "उद्या आठवीशी सराव आहे ना? बारकीनं तीन म्हटलं की सगळ्यांनी हात सोडायचे."

"आणि पोतं?"

"पोतं घसरत जाईल थेट त्यांच्या पायाशी. फुकटची घसरगुंडी!"

सगळे खिदळले. बारकीही हसली. पण तिचा हात माझ्यावर होता, आणि तो घामाने चिकट झाला होता.

"सरांना कळलं तर?" तिने विचारले.

"हात निसटले म्हणायचं. तू फक्त मोज. रोज मोजतेस तशी. तुझं काय जातंय?" मग तो जवळ आला. "आणि बारके, चोमडेपणा केलास तर पुढच्या वेळी टोकाला कोण असेल, बघ हं."

कडी लागली. मी खुंटीवर लटकत राहिलो. आपण तुटावे, असे मला पहिल्यांदाच वाटले. पण दोरवाल्याने मला पक्के वळले होते. आणि दोराला तोंड नसते, मित्रांनो. तोंड फक्त तिला होते.

मैदान. ऊन. पोतं मला अंगाभोवती घेताना स्वतःशीच गुणगुणत होता. संघात घेतले याचाच त्याला आनंद. त्याचे तळवे कोरडे होते.

सरांनी शिट्टी फुंकली.

*एक.*

आठवीने ताण दिला. माझा धागा न् धागा कुरकुरला.

*दोन.*

मधल्या मुठी सैलावू लागल्या. मला कळले. मागच्याला कळले नाही. तो टाचा रोवून उभा, मागे रेललेला, सगळ्यांच्या भरवशावर.

*दोन.*

काय?

*दोन.*

"अगं, तीन म्हण ना!" भोंगा दातओठ खात पुटपुटला.

*दोन.* तिचा आवाज फाटला. आठवीवाले हसू लागले. लाल फडके त्यांच्याकडे सरकत होते. बारकीचे तळवे बर्फासारखे गार झाले होते, पण मूठ सुटली नाही. *दोन. दोन.* आणि मग ती किंचाळलीच, "सर, थांबवा! आमचे हात सुटणार आहेत! मुद्दाम!"

शिट्टी वाजली. "कुणी सोडू नका! दोन्हीकडून हळूहळू ढील द्या!" सर ओरडले. मी हळूच जमिनीवर टेकलो.

"ही अक्कल कुणाची?"

"गंमत होती, सर," भोंगा म्हणाला.

"मोजणार मी होते, सर," बारकी म्हणाली.

सर खडीकडे बघत राहिले. मग त्यांनी सातवीचा संघ येत्या सामन्यातून काढला. मुले बारकीला "चोमडी" म्हणत निघून गेली.

तिच्याजवळ उरला तो एकच जण. अंगाभोवतीचा माझा वेढा काढत तो म्हणाला, "मला वाटलं, तुला पुढचा आकडाच येत नाही."

ती हसली, रडली, दोन्ही एकदमच. मग तिने त्याला त्याचे खरे नाव विचारले. दुसऱ्या दिवशीपासून ती त्याच नावाने हाक मारू लागली. आधी एकटीच. कितीतरी दिवस एकटीच. मग आणखी कुणीतरी.

पुढे संघ पुन्हा जमला तेव्हा ती टोकाशी, त्याच्या लगेच पुढे उभी राहिली.

"कॅप्टन पुढे असतो," सर म्हणाले.

"मोजता इथूनही येतं, सर."

दुसरे टोक

आता माझे धागे विसविशीत झालेत. उंदरांनी एक टोक कुरतडले आहे. ती दोघे कधीच शाळा सोडून गेली. भोंग्याचे पुढे काय झाले, माहीत नाही. पण दर वर्षी नवी मुले येतात, त्यांतल्या कुणाला तरी नवे नाव ठेवतात, आणि त्यालाच टोकाला उभे करतात. माझी काळजी काही सरत नाही.

मला ऊन दाखवा, कोरडे ठेवा, हे तर मागेनच. पण त्याआधी एक करा. मला हात लावण्यापूर्वी मागे वळून बघा, टोकाला कोण आहे. आणि मोजणे तुमच्याकडे असेल तर

थांबा. कडी वाजली.

नवे तळवे. कोवळे. एक फार गार आहे. बाहेर नेताहेत मला. कुणीतरी हसतेय, कुणीतरी मला अंगाभोवती घेतेय.

कुणीतरी मोजू लागले.

एक.

दोन.