पाठीवरचा आघाडा

श्रीधरराव आपल्या मुलाशी गणपतीपासून बोलत नव्हते. पण त्यांची सगळी नोकरी महाडच्या एसटी स्टँडवर भोंग्यातून गाड्या पुकारण्यात गेलेली, त्यामुळे गप्प बसणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नसे. म्हणून ते आमोदशी बोलत नसत, घोषणा करत. "चहा झालेला आहे," असं ते पंख्याकडे बघून सांगत. ज्याला प्यायचा त्यानं यावं.

कारण स्कूटर. चवदार तळ्याच्या वळणावर त्यांनी ती एका बसलेल्या म्हशीवर घातली. म्हशीला काही झालं नाही. श्रीधररावांच्या कोपराला तीन टाके पडले. त्यांच्या मते दोष सरळ म्हशीचा होता. थांबा नसलेल्या ठिकाणी ती थांबली होती. आमोदनं म्हशीचा जबाब न घेताच त्याच रात्री स्कूटरची किल्ली लपवली आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर म्हणाला, "बाबांचं आता वय झालंय." तेव्हापासून पंखा.

आता सोमवारी आमोद बदलीच्या जागी, नाशिकला रुजू व्हायला निघणार होता. पंख्याशी बोलणाऱ्या बापाला मागे ठेवून जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. माफी मागायची तर ऐकणाऱ्यानं आपल्याकडे बघायला तरी हवं.

"रविवारी फिरायला जाऊ," त्याची आई अंबिकाबाई म्हणाली. "प्रयागच्या वाडीत. देवराईतून जायचं, पाणथळीच्या बांधावरून परत यायचं. चढ नाही. देवूलासुद्धा जमेल."

देवू म्हणजे आमोदची मुलगी देवश्री, वय सहा. तिला काहीही जमत असे.

वाडी पोलादपूरकडे, उमरठच्या अलीकडे. प्रयागबाईंची मुलं अंबिकाबाईंच्या हाताखाली शिकलेली, आणि देवराईचा मान प्रयागबाईंच्या घराकडे. अंगणात गाडी लागताच त्यांनी नियम सांगितला. "राईतलं काय पन भायेर आणायचं नाय. पान नाय, काटकी नाय. कपड्याला आघाडा चिकटंल, त्यो पन राईतच काढून टाकायचा. देवाचा हाय त्यो."

"आणि चुकून आला तर?" देवूनं विचारलं.

"ज्याच्या अंगावर आला, त्यानं नेऊन द्यायचा गो. माज्या सासऱ्यानं येकदा अर्ध्या जेवणातून उठून नेला व्हता."

"प्रवाशांनी नोंद घ्यावी," श्रीधररावांनी आंब्याच्या झाडाला कळवलं.

राईत शिरल्यावर ऊन मागे राहिलं. वेली माणसाच्या मांडीएवढ्या जाड, खाली पाचोळा, आणि पायवाटेच्या दोन्ही अंगांना कमरेएवढा आघाडा. कपड्याला धरायचं एवढंच त्याला आयुष्यात ठाऊक. श्रीधरराव पुढे, आमोद मागे. एका मुळापाशी वडील जरा अडखळले. आमोदचा हात आपोआप पुढे गेला आणि तसाच परत खिशात आला.

राईच्या टोकाला एक सपाट दगड होता. तिथं थांबून सगळ्यांनी कपडे साफ करायचे. आजीनं नातीचे काढले, नातीनं आजीचे. बापलेक दगडाच्या दोन टोकांना एकमेकांकडे पाठ करून आपापली विजार वेचत बसले.

"पाठीवर बघू का?" आमोदनं विचारलं.

"एक्स्प्रेस गाडीला तपासणीची गरज नाही," वडिलांनी एका खारीला सांगितलं.

पुढे पाणथळ. भात कापलेल्या खाचरांत पाणी तुंबलेलं, त्यात पांढरी कुमुदं आणि एका पायावर उभे बगळे. देवू तशीच उभी राहिली आणि चिखलात बसली. आमोदनं तिला बांधावर ओढलं. गाडी दिसायला लागली तसा तो रेंगाळू लागला. अख्खा फेरा संपत आला होता आणि बाबा अजून बगळ्यांशीच बोलत होते.

अंगणात प्रयागबाई उभ्याच होत्या. त्यांनी सगळ्यांना पाठमोरं केलं.

"ह्याच्या कालरीवर हाय." मग श्रीधररावांकडे वळून, "आन तुमच्या तर भरपाठीवर. आख्खी काडी."

"मला मघाच दिसलं होतं," देवू म्हणाली. "आजी म्हणाली, गप्प बस."

अंबिकाबाईंना त्याच क्षणी परसातली तुळस बघायची आठवण झाली.

"चहा तवर उकळतो," प्रयागबाई म्हणाल्या. "जावा दोगं."

ते गेले. बांधावरून, उलट्या दिशेनं. बगळ्यांनी त्यांना ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. राईत दगडापाशी आल्यावर दोघंही थांबले. आपल्या पाठीला आपला हात पुरत नाही, हे दोघांच्या एकदमच लक्षात आलं.

श्रीधररावांनी आजूबाजूला पाहिलं. पंखा नव्हता. खारही गेली होती.

"हलू नकोस," ते म्हणाले.

आमोद हलला नाही. लहानपणी मामांच्या लग्नाआधी वडिलांनी त्याचे केस स्वतः कापले होते, तेव्हा बसला होता तसाच मान खाली घालून उभा राहिला. कॉलरीपाशी वडिलांची बोटं एकेक बी सोडवत होती. शेवटचं निघालं तरी बोटं थोडा वेळ तिथंच होती.

मग वडील पाठमोरे झाले. सदरा खांद्यावर सैल झाला होता. ही पाठ एवढीशी कधी झाली, ते आमोदला कळेना. तो सावकाश काढत राहिला. नसलेलेही दोनचार काढले.

"बाबा, पाहुण्यांसमोर तसं बोलायला नको होतं."

"नकोच होतं."

"किल्ली तांदळाच्या डब्यात आहे."

"ठाऊक आहे. सापडली मला दसऱ्यालाच."

आमोदचा हात थांबला. "मग चालवली का नाही?"

"तू दिलीस कुठं," श्रीधरराव म्हणाले. "मी परत ठेवली. तांदूळ काढताना रोज बाजूला करावी लागते, तेवढाच त्रास."

"उद्या निघायच्या आधी हातात देतो. पण तळ्याच्या वळणावर—"

"तिथं उतरून ढकलत नेईन. म्हशीचं काही सांगता येत नाही."

मग चहाची आठवण होऊन दोघं निघाले, तोच श्रीधररावांनी आमोदच्या दंडाला धरून थांबवलं. इतका वेळ ते आघाड्यातच उभे होते.

"फीर," ते म्हणाले. "पहिल्यापासून."