छत्री कारखाना

“ट्रिंग ट्रिंग! ट्रिंग ट्रिंग!” सासूबाईंनी स्वयंपाकघरातून आवाज काढला आणि उलथनं कानाला लावलं.

केस विंचरता विंचरता त्यांच्या सुनेनं, म्हणजे कारखान्याच्या टेलिफोन ऑपरेटरबाईंनी, कंगवाच उचलला. “नमस्कार, छत्री कारखाना. कोणाला देऊ?”

“झालं! अगं, कारखान्याला टाळं लागून आठ महिने झाले. आज दवाखान्यात मुलाखत आहे ना तुझी? तिथे काय छत्र्या विकणार आहेस?”

“आई, बावीस वर्षांची सवय आहे. जिभेला हाड नसतं, पण वळण असतं.”

“मग ते सरळ कर. पुन्हा. ट्रिंग ट्रिंग!”

ही अकरावी मुलाखत. आधी कुठे वय नडलं, कुठे कंप्यूटर. एका ठिकाणी तर ‘आमच्याकडे फोन मशीनच उचलतं’ म्हणून दारातूनच बोळवण झाली. नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात ओढाताण होत होतीच, पण बाईंना खरं छळत होतं ते वेगळंच. दिवसभरात कोणी त्यांना काही विचारत नव्हतं.

दवाखान्याच्या बाकांवर नऊ जण बसले होते, बहुतेक त्यांच्या मुलीच्या वयाचे. समोरच्या टेबलावरची मुलगी कागद घेऊन आत गेली आणि नेमका फोन वाजला. एक, दोन, तीन. जो तो आपापली फाईल सावरून बसला. चौथी घंटा मात्र बाईंनी जन्मात कधी वाजू दिली नव्हती. त्या उठल्या.

“नमस्कार, छत्री कारखाना. कोणाला देऊ?”

बाकांवर खसखस पिकली. बाईंची कानशिलं तापली.

“छत्री?” पलीकडे एक म्हातारा आवाज कापत होता. “अहो, आमची ही न्हाणीघरात पडलीय. उठता येत नाहीये तिला...”

“आजोबा, नंबर बरोबर लागलाय. चूक माझी. आजींना हलवू नका. पत्ता सांगा, सावकाश.”

पत्ता त्यांनी स्वतःच्या अर्जाच्या पाठीवर उतरवला, परत वाचून दाखवला. टेबलाच्या काचेखाली नंबरांची यादी होती. तिच्यावरून बोट फिरवत, आजोबांना लाईनवर थांबवून, त्यांनी शेजारच्या दुसऱ्या फोनवरून रुग्णवाहिकेवाल्यांना गाठलं आणि पुन्हा आजोबांकडे आल्या. “गाडी निघाली. दार उघडून ठेवा. मी आहे फोनवर.”

गाडी पोचेपर्यंत त्या होत्या. मधे आतून त्यांच्या नावाची हाक आली, आणि पुढच्याचा नंबर लागला.

सगळ्यांच्या शेवटी आत घेतलं, तेव्हा साहेबांनी अर्ज उलटसुलट पाहिला. “मागे हा पत्ता कोणाचा?”

“पडलेल्या आजींचा.”

“कंप्यूटर?”

“शिकतेय. हळूहळू.”

“हं. आणि छत्रीचं काय ऐकतोय मी?”

बाईंनी खरं ते सांगितलं. साहेब हसले नाहीत. “कळवतो,” म्हणाले. या शब्दाचा अर्थ अकराव्यांदा कोणी समजावून सांगायला नको होता.

“बोललीस ना छत्री?” घरी सासूबाईंनी विचारलं.

“बोलले.”

सासूबाईंनी चहाचा कप पुढे सरकवला.

चौथ्या दिवशी सकाळी बाई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या आणि घरातला फोन वाजला. उचलला सासूबाईंनी, आणि इतक्या दिवसांच्या तालमीने त्यांच्याच तोंडून गेलं, “नमस्कार, छत्री कारखाना!”

पलीकडून दवाखान्याच्या साहेबांचा आवाज आला, “म्हणजे घर बरोबर लागलं. अहो, काल एका आजोबांचा फोन होता. आजी उशीला टेकून बसायला लागल्यात, तेवढं छत्रीवाल्या बाईंना सांगायचं होतं. अशा कोणी इथे नाहीत म्हटलं तर आमच्यावरच रागावले. सोमवारपासून महिनाभर येऊन बघतील का त्या?”

ओले हात पुसत बाई दारात येऊन उभ्या होत्या. सासूबाईंनी रिसीव्हरवर तळवा ठेवला, पाठ ताठ केली, घसा साफ केला.

“दवाखान्यातून आहे,” त्या म्हणाल्या. “कोणाला देऊ?”